शिंगाचं धनुष्य

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अडीच वर्षांपूर्वी, दिवाळी नुकतीच झाली होती, पुण्याहून माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तीस वर्षं पुण्यात काढली तरी माझ्याशी ती मालवणीतच बोलते, आणि चिडली असेल तर जरा जास्तच. म्हणाली, "दादा, तुझो भाचो खुळावलो हा. सव्वा लाखाचां धनुष्य घेऊक निघालो हा. तेवढ्या पैशात होडयेक नवां इंजिन येतलां!"

आमच्या घरात आता कुणाची होडी नाही. तरी मालवणच्या माणसाला मोठ्या रकमेचा अंदाज होडीच्या इंजिनातच येतो. मी तिला म्हटलं, बोलतो मी त्याच्याशी. आणि मनात म्हटलं, सव्वा लाख! मला आयुष्यात एकाच धनुष्याची किंमत ठाऊक होती, ती म्हणजे चार आणे. आमच्या गावच्या जत्रेत दशावतारी नाटक व्हायचं. पेट्रोमॅक्सच्या उजेडात राम नाही तर अर्जुन धनुष्य घेऊन रिंगणात यायचा, तेव्हा ते असं लखलखायचं की आम्ही पोरं पुढे सरकून बसायचो. सकाळी पेटारे बांधताना तेच धनुष्य जवळून बघितलं तर बांबूची कांब, तिच्यावर सोनेरी कागद, आणि सुतळी. पेटाऱ्यावर बसलेल्या माणसाला मी विचारलं होतं, केवढ्याचं हो हे? तो म्हणाला, कागदाचे चार आणे, बांबू देवाचा.

भाच्याला फोन केला. तो पुण्यात नोकरी करतो, आणि सुटीच्या दिवशी धनुर्विद्येचा सराव करतो. मी मास्तरकीच्या सवयीने सुरुवात केली, हौसेलाही काही धरबंध असावा वगैरे. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मामा, तू इतकी वर्षं इतिहास शिकवलास. धनुष्य कशाचं करतात सांग."

मी म्हटलं, लाकडाचं. बांबूचं.

"मी घेतोय ते शिंगाचं आहे. म्हशीच्या शिंगाचं. आणि ते जोडायला माशाचा सरस लागतो."

मासा म्हटल्यावर मालवणचा माणूस गप्प बसतो आणि ऐकायला लागतो. मीही ऐकायला लागलो, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत या एका विषयाने माझा पिच्छा सोडलेला नाही.

आधी हे धनुष्य असतं कसं ते सांगतो. ट्रकखालचे कमानपाटे आपण सगळ्यांनी बघितलेले असतात. पट्ट्यांवर पट्ट्या. शिंगाचं धनुष्य त्याच जातीचं, थरांचं. मध्ये लाकडाचा किंवा बांबूचा पातळ गाभा. तिरंदाजाच्या बाजूला, म्हणजे धनुष्याच्या पोटावर, शिंगाच्या दोन लांब पट्ट्या. आणि बाहेरच्या बाजूला, पाठीवर, जनावराच्या पायातल्या कंडरा. आपण खेड्यात त्यांना नुसत्या शिरा म्हणतो. त्या वाळवून, कुटून, केसासारखे तंतू काढून, सरसात भिजवून थरावर थर बसवतात. धनुष्य ओढलं की पोट दाबलं जातं आणि पाठ ताणली जाते. शिंग दाब सोसण्यात लाकडाच्या कितीतरी पुढे, कंडरा ताण सोसण्यात पुढे. दोघांना एकत्र बांधलं की कमरेएवढं आखूड धनुष्यसुद्धा माणसाहून उंच लाकडी धनुष्याला भारी पडतं. घोड्यावर बसणाऱ्याला लांब धनुष्य उपयोगाचं नाही, म्हणून मध्य आशियातल्या घोडेस्वारांनी ही युक्ती काढली आणि तिथून ती चीन, कोरिया, इराण, तुर्कस्तान आणि हिंदुस्थान अशी सगळीकडे गेली.

किती भारी पडतं? १७९० च्या दशकात लंडनमधल्या तुर्की वकिलातीतल्या महमूद एफेंदी नावाच्या चिटणिसाने इंग्रज धनुर्धरांसमोर अशा धनुष्याने बाण सोडला तो ४८२ यार्ड गेला, म्हणजे सुमारे ४४० मीटर. शाळेच्या क्रीडास्पर्धांसाठी आखतात त्या ४०० मीटरच्या फेरीपेक्षा जास्त, आणि तेही सरळ रेषेत. इंग्रजांना आपल्या लांब धनुष्याचा फार अभिमान. ते बघतच राहिले.

पण ते करायला वेळ किती लागतो ते बघा. शिंग गरम करून सरळ करायचं, कापायचं, तासायचं. गाभ्याला आणि शिंगाला बारीक खाचा पाडून ते एकमेकांत बसवायचं आणि दोरीने आवळून ठेवायचं. ते सुकलं की कंडरांचा पहिला थर. मग थांबायचं. दुसरा थर. पुन्हा थांबायचं, या वेळी महिनोन् महिने, कारण सरस आतून सुकायला घाई चालत नाही. सुकताना धनुष्य उलट्या दिशेने वळत जातं. मग ते ऊब देऊन हळूहळू उघडायचं, दोरी चढवायची, कुठे जास्त वाकतंय कुठे कमी ते बघत कानशीने घासत समतोल आणायचा. वर्षभर तरी जातं. आणि शेवटच्या आठवड्यात शिंगाला चीर गेली, तर ते वर्ष पाण्यात. भाचा म्हणाला, "मामा, सव्वा लाखात शिंगाची किंमत फारच थोडी आहे. बाकी सगळी थांबण्याची किंमत आहे."

आता माशाकडे येतो. कोरियात या धनुष्याला जो सरस वापरतात, तो माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. तो मासा घोळीच्या कुळातला. आपल्याकडे घोळ मोठी मिळाली की तिच्या मांसाआधी तिच्या पिशवीचा भाव होतो. पालघरकडचे कोळी तिला बोत म्हणतात. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या एका बोटीला दीडशेच्या वर घोळी मिळाल्या आणि लिलावात सव्वा कोटीहून जास्त रक्कम आली, ती बातमी तुम्ही वाचली असेल. ते पैसे मुख्यतः त्या पिशव्यांचे. पूर्वी मुंबई बंदरातून या पिशव्या चीनला जात, आणि युरोपात वाईन व बिअर नितळ करायला असल्याच पिशव्या वापरत. आम्ही मात्र पिशवी व्यापाऱ्याला देतो आणि मासा तळून खातो. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

शिंगाचं तसंच. मुऱ्हा म्हशीचं शिंग जिलेबीसारखं वळलेलं, त्याची पट्टी निघत नाही. लांब, तलवारीसारखं शिंग पाहिजे. असं शिंग कुणाचं, तर आपल्या पंढरपुरी म्हशीचं. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे ही म्हैस बघितली असेल तर तिची शिंगं खांद्याच्या मागे गेलेली तुम्हाला आठवतील. कोरियाकडे असली म्हैस नव्हती. त्यांना शिंग बाहेरून आणावं लागे आणि चीनने ते देण्यावर निर्बंध घातले की त्यांची पंचाईत होई. पंधराव्या शतकात त्यांनी म्हशी मागवून आपल्याकडे पाळण्याचा प्रयत्नसुद्धा केला. एका धनुष्यासाठी एक राज्य म्हशी पाळायला निघालं होतं, आणि आपल्याकडे ती शिंगं फोंडा घाट चढून गेलं की गोठ्यागोठ्यात उभी आहेत.

हे सगळं कळल्यावर मी जरा अस्वस्थ झालो. शिंग दाराशी, सरस दाराशी, बांबू तर परसात. मग हे धनुष्य तुर्कस्तानातून का मागवायचं?

आपल्याला ते माहीतच नव्हतं असं म्हणावं, तर भाषा साक्ष देते. विष्णूच्या धनुष्याचं नाव शार्ङ्ग. शृंग म्हणजे शिंग, शृंगापासून केलेलं ते शार्ङ्ग. शारंगपाणी हे आडनाव आपण सहज उच्चारतो. त्याचा सरळ अर्थ, ज्याच्या हातात शिंगाचं धनुष्य आहे तो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराचं प्रकरण आहे, त्यात धनुष्यं चार द्रव्यांची सांगितली आहेत: ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. दोऱ्या कशाच्या, तेही सांगितलं आहे. मूर्वा, रुई, ताग, बांबू, स्नायू अशी यादी आहे. मारुतीला वाहतो त्या रुईच्या झाडाच्या वाखातून धनुष्याची दोरी निघते, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

आणि आपलं कोकण तर, पुराणावर विश्वास ठेवायचा तर, धनुष्यातूनच निघालं. परशुरामाने बाण मारला, समुद्र मागे हटला. बाण पडला ती गोव्यातली बाणावली. वाल्मीकी रामायणात परशुरामाच्या हाती जे धनुष्य आहे ते विष्णूचं आहे. म्हणजे हिशेब केला तर कोकण शिंगाच्या धनुष्याने मिळवलं, असं म्हणायला हरकत नाही. पुराण पुराण म्हणून घ्यावं, पण हा हिशेब मला आवडला.

मग फारसी शब्द आले. धनुष्याला कमान आणि ते करणारा कमानगर. पुढे धनुष्य गेलं आणि कमान राहिली: देवळाची कमान, घड्याळाची कमान, ट्रकचे कमानपाटे. चिकटवायचा सरस हा शब्दही फारसीतून आलेला. मुंबईत पवईला तिरंदाज नावाचं गावच आहे. कच्छमध्ये कमानगर लोक धनुष्यांवर चित्रं रंगवत. धनुष्यांची मागणी सरली तेव्हा तेच हात भिंतींवर चित्रं काढू लागले, आणि त्या चित्रशैलीला आजही कमानगरी म्हणतात. धंदा मेला, नाव जगलं.

किमतीचा प्रश्न जुना आहे. अकबराच्या काळातल्या ऐन-इ-अकबरीत शस्त्रागारातल्या शस्त्रांच्या किमती दिल्या आहेत. धनुष्य रुपयाच्या अंशापासून सुरू होतं आणि मोहरांपर्यंत जातं. म्हणजे चार आण्यांचं आणि सव्वा लाखाचं हा फरक तेव्हाही होता. मुलतानची धनुष्यं नावाजलेली, दूरदूर जात. इंग्लंडात तर धनुष्याच्या किमतीत सरकारने लक्ष घातलं. त्यांच्या लांब धनुष्याला यू नावाच्या झाडाचं लाकूड लागे आणि ते घरचं पुरत नसे. म्हणून १४७२ साली कायदा झाला की इंग्लंडच्या बंदरात माल घेऊन येणाऱ्या जहाजाने मालाच्या दर टनामागे धनुष्याच्या चार कांबी आणल्याच पाहिजेत. पुढे १४८२ च्या सुमारास लांब धनुष्याची कमाल किंमत ठरवून दिली, ३ शिलिंग ४ पेन्स. कारण धनुष्य महाग झालं तर साधा शेतकरी सराव सोडेल, आणि त्याने सराव सोडला तर लढाईत राजाच्या मागे कोण उभं राहणार? आमच्या शिक्षण खात्याने भूमितीच्या कंपासपेटीची किंमत अशी कधी ठरवून दिली असती तर! असो.

बंदूक आली म्हणून धनुष्य लगेच गेलं, असं मीही वर्गात शिकवत आलो. ते खरं नाही. फ्रेंच वैद्य बर्निये औरंगजेबाच्या काळात इथे होता. त्याने लिहून ठेवलंय की बंदूकवाल्याचे दोन बार होईपर्यंत घोड्यावरचा तिरंदाज सहा बाण सोडतो. तरी शेवटी बंदूक जिंकली, कारण बंदूकवाला काही आठवड्यांत तयार होतो. तिरंदाजाला वर्षं लागतात, आणि त्याच्या धनुष्यालाही वर्ष लागतं. लढाईत दोन्ही हरवले तर दोन्ही परत मिळत नाहीत. महाग वस्तू हरते ती अशी. वाईट असते म्हणून हरत नाही.

सगळीच धनुष्यं महाग नव्हती, हेही सांगायला हवं. भिल्लांचं धनुष्य बांबूचं आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची. सगळा खर्च म्हणजे एक कोयता आणि एक दुपार. त्या धनुष्याने पिढ्यान् पिढ्या शिकार झाली आणि इंग्रजांच्या पलटणींना त्रासही झाला. ज्याला जंगलात पंचवीस पावलांवर मारायचं आहे त्याला शिंगाच्या धनुष्याची गरज नाही. वस्तूची किंमत ठरवताना हे विसरून चालत नाही, नाहीतर आपण महाग तेवढं श्रेष्ठ असं धरून चालतो.

आता आपल्या किल्ल्याकडे येऊ. मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम २५ नोव्हेंबर १६६४ ला सुरू झालं. तटावरच्या जंग्यांमधून बंदुका डोकावत तसे बाणही डोकावले असतील. पण ते बाण शिंगाच्या धनुष्याचे असतील असं मला वाटत नाही. हे माझं मत आहे, आणि त्याला कारण आपला पाऊस. सरस हा पाण्याचा वैरी. शंभर इंचांच्या घरातला पाऊस, वर चारही बाजूंनी खारा वारा. आमच्या कपाटातल्या चपलांना श्रावणात बुरशी येते, तबल्याचा चामड्याचा सूर उतरतो, दाराच्या फळ्या फुगून बसत नाहीत. त्या हवेत सरसावर उभं असलेलं धनुष्य आधी मऊ पडणार आणि मग थर सोडणार. तोफ लोखंडाची किंवा पंचधातूची, तरी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात पावसाळ्यात तोफांना आणि दरवाजांना तेल-मेण देऊन जपायला सांगितलंय. मग धनुष्याची काय कथा! कोरियातले तिरंदाज दमट दिवसांत धनुष्यं उबदार पेटीत ठेवतात. हिंदुस्थानातले कारागीर वरून भूर्जपत्राची साल गुंडाळत, रंग देत आणि लाखेचा किंवा रोगणाचा लेप देत. त्या धनुष्यांवरची सोनेरी वेलबुट्टी आपण शोभा म्हणून बघतो. तिच्या खालचा लेप हा रेनकोट होता.

अशा धनुष्याला नीट ओळखणारी माणसंही आता कमी. मी एका संग्रहालयात, नाव सांगत नाही, मुद्दाम शिंगाचं धनुष्य बघायला गेलो. काचेमागे ते होतं. दोरी काढलेलं शिंगाचं धनुष्य उलट्या बाजूला वळतं, खेकड्याच्या नांग्यांसारखं. तिथल्या कुणीतरी त्या उलट्या वळणालाच दोरी बांधली होती. म्हणजे पाठ पोटाच्या जागी आणि पोट पाठीच्या. मी तिथल्या गृहस्थांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "काका, आम्ही आलो तेव्हापासून असंच आहे." मी वहीत अभिप्राय लिहिला आणि आलो. पुढच्या वर्षी गेलो तेव्हाही ते तसंच होतं. वही मात्र नवीन होती.

आणि आता जे सांगायचं आहे ते मला सोपं नाही.

शिंगकाम म्हटलं की आपल्या जिल्ह्याला दूर बघायची गरज नाही. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत सावंतवाडीच्या कारागिरीची नोंद आहे: जरीचं काम, वाळ्याचे पंखे, लाखेची खेळणी, आणि म्हशीच्या व गव्याच्या शिंगातून कोरलेल्या शोभेच्या वस्तू. विजयदुर्गचीही गव्याच्या शिंगाच्या कामासाठी ख्याती होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गव्याला संरक्षण मिळालं, ते योग्यच झालं. कारागिरांना म्हशीचं शिंग उरलं.

१९७९ साली मी नवा नवा मास्तर होतो. विजयदुर्गाकडच्या एका गावात असा एक कारागीर आहे असं ऐकून बघायला गेलो. पडवीत बसून तो काम करत होता. शिंगाला खोबरेल लावून निखाऱ्यावर धरायचं, ते मऊ पडलं की चिमट्यात दाबून हवं तसं वळवायचं, आणि गार होईपर्यंत सोडायचं नाही. कानस, मग काच, मग खरवतीची खरखरीत पानं, शेवटी पुन्हा तेल आणि तळहात. त्याने एक बगळा केला होता, मान किंचित तिरकी, पाण्यात मासा दिसल्यासारखी. मला तो फार आवडला. त्याने चाळीस रुपये सांगितले. मी पंचवीस म्हटलं. बाजारात आपण सगळे करतो तसं. तो म्हणाला, "मास्तरांनू, शिंगाचे पैसे देव नकात, माझ्या दोन दिसांची मजुरी तरी देवा." मी हसलो, उठायचं नाटक केलं, आणि तीस रुपयांवर सौदा तुटला. घरी येऊन दहा रुपये वाचवल्याचं मी कौतुकाने सांगितलं.

सहा-सात वर्षांनी शाळेची सहल घेऊन तिकडे गेलो तेव्हा मुलांना दाखवावं म्हणून पुन्हा त्या घरी गेलो. पडवीत सायकल दुरुस्तीचं सामान होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, तो मुंबईला मुलाकडे गेला, मुलगा कुठल्याशा कंपनीत रखवालदार आहे. कानशी आणि चिमटे भंगारात दिले. मी त्याच्या हाताचं काम बंद पाडलं असं मी म्हणत नाही. माझ्या दहा रुपयांनी काय होणार होतं? पण माझ्यासारखे रोज कितीजण उठायचं नाटक करत असतील, ते तेव्हा मनात आलं नव्हतं. भाच्याने "थांबण्याची किंमत" म्हटलं, त्या क्षणी मला तो निखाऱ्यावरून काढलेलं शिंग गार होईपर्यंत धरून बसलेला माणूस आठवला.

मग भाच्याला मी दुसरा प्रश्न विचारला. तुला या धनुष्यात दिसतं काय? आजची स्पर्धेची धनुष्यं कार्बन आणि ॲल्युमिनियमची. त्यांना लंबक, नेमदर्शक, चाकं. २०२३ साली बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले, ते अशा चाकांच्या धनुष्यांवर. ती धनुष्यंही स्वस्त नाहीत, सगळ्या सरंजामासकट लाखांच्या घरात जातात. त्यांची अचूकता शिंगाच्या धनुष्याला यायची नाही, हे भाचाही मान्य करतो. तो म्हणाला, "मामा, ते धनुष्य माझं बरंचसं काम स्वतःच करतं. हे काहीच करत नाही. बाण चुकला तर चूक माझी. आणि हे हातात घेतलं की दर वेळी थोडं वेगळं असतं. थंडीत कडक, उकाड्यात मऊ." पिंजारी गल्लीतून जायचा तेव्हा त्याच्या तांतीचा जो आवाज यायचा, तसाच आवाज या धनुष्याच्या दोरीला येतो, असंही त्याने सांगितलं. पिंजारी त्याने पाहिलेला नाही; तो आवाज त्याला त्याच्या आईने तोंडाने करून दाखवला होता.

तुर्कस्तानात आणि कोरियात ही कला बुडता बुडता वाचली. कोरियाने १९७१ साली धनुष्यबाण करणाऱ्यांच्या कारागिरीला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. पारंपरिक तुर्की धनुर्विद्या २०१९ साली युनेस्कोच्या यादीत गेली. पण नुसत्या दर्जाने चूल पेटत नाही. तिथे धनुष्य करणाऱ्याला हजार-दीड हजार डॉलर देणारी आणि वर्षभर वाट बघणारी माणसं आहेत, म्हणून तो निखाऱ्यापाशी बसून आहे. आपल्याकडे याचं एक उदाहरण सावंतवाडीतच आहे. गंजिफाची कला शेवटच्या घटका मोजत होती. पुंडलिक चितारींसारख्या वृद्ध कलावंताच्या हातात ती उरली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या आसपास राजवाड्यात ती पुन्हा उभी केली. स्वतः शिकले आणि तरुणांना शिकवलं. दशावतारी गंजिफाचा एक संच म्हणजे १२० पत्ते, प्रत्येक हाताने रंगवलेला. तो काही हजारांना मिळतो, आणि महाग म्हणून नाक मुरडणारे पर्यटक मी तिथे पाहिले आहेत. ते नाक मी ओळखतो. ते माझंच आहे.

बहिणीला मी फोन करून सांगितलं, घेऊ दे त्याला. ती म्हणाली, "तूव खुळावलंस!" आणि आठ दिवस बोलली नाही.

धनुष्य यायला जवळजवळ दीड वर्ष लागलं. जकात धरून आकडा सव्वा लाखाच्याही पुढे गेला, तो बहिणीला अजून सांगितलेला नाही. हे भाषण तिने ऐकलं नसेल तर बरं. मे महिन्यात भाचा ते घेऊन मालवणला आला. दोरी चढवायला आम्ही दोघं लागलो, एकाने गुडघ्याखाली धरून वळवायचं आणि दुसऱ्याने फास अडकवायचा, आणि त्याआधी बराच वेळ ते अंगाशी धरून ऊब द्यायची. परसात केळीचा एक खांब उभा केला. पहिला बाण माडाच्या झावळीत गेला, दुसरा कुंपणापलीकडे, तिसरा खांबात असा शिरला की पिसंच बाहेर राहिली. मग त्याने मला ओढायला दिलं. माझ्याने ते कानापर्यंत काही आलं नाही, छातीपर्यंत आलं. बहीण पडवीत बसून बघत होती. ती उठून आली, धनुष्याच्या पोटावरून बोट फिरवत म्हणाली, "ह्यां तर तुझ्या बगळ्यासारखां लागता."

मी आत जाऊन कपाटातून बगळा आणला. दोन्ही शिंगं शेजारी ठेवली. तेच काळं, तीच आतली पिवळट रेघ, तोच हाताला गार लागून लगेच उबदार होणारा स्पर्श.

भाच्याला आणखी चार दिवस राहायचं होतं. पण पश्चिमेकडे ढग जमायला लागले होते आणि सकाळी मिठाच्या बरणीला पाणी सुटलेलं मी पाहिलं. मी त्याला म्हटलं, आज निघ. धनुष्याची दोरी उतरवली, ते लोकरीच्या शालीत गुंडाळलं, वर प्लास्टिक, आणि मृग लागायच्या आदल्या दिवशी संध्याकाळच्या आत ते आंबोली चढून घाटावर गेलं.